सात शिरांची भेंडी

श्रावणात गोव्याला जाणाऱ्या मराठी माणसाला एक तर हॉटेलचे पावसाळी दर मोहात पाडतात, नाहीतर त्याच्या सोबत दाजी असतात. आमच्याकडे दोन्ही होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरीतून मोकळे झाल्यापासून त्यांनी स्वतःला इतिहासाला वाहून घेतलंय, आणि श्रावण तर ते पाळण्यात असल्यापासून पाळतात, असं ताई म्हणते. महिनाभर मासा नाही, मटण नाही, अंडं घातलेला केकही नाही. कोल्हापुरात हे व्रत जड जातंच. गोव्यात ते निभवायचं तर माणूस वैराग्याच्या फार वरच्या पायरीवर पोचलेला लागतो. दाजी त्या पायरीवर निवांत पाय सोडून बसलेले असतात. आम्ही बाकीचे खाली उभे राहून तळलेल्या बांगड्याचा वास घेतो.

समुद्र त्यांना बघायचा नव्हता. "समुद्र काय, मालवणलापण आहे," म्हणाले. देवळं झाली होती. त्यांना बघायचं होतं जुवें. सरकारी पाट्यांवर त्याचं नाव सांत इस्तेव्ह. मांडवी समुद्राला मिळायच्या आधी तिसवाडीत बरेच फाटे फोडते, आणि त्या फाट्यांच्या मधोमध दिवाड, चोडण, जुवें, कुंभारजुवें अशी बेटं आहेत. चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्य असल्यामुळे गळ्यात दुर्बिणी अडकवलेले लोक जातात. बाकीच्या बेटांवर तिथलेच लोक राहतात, आणि श्रावणात आमचे दाजी.

जुन्या गोव्यावरून बाणस्तारीचा पूल, मग माशेल, मग आणखी एक पूल, आणि आपण जुव्यावर. आलो ते कळतही नाही. दोन्ही बाजूंना भाताचा हिरवा रंग, मध्ये अरुंद रस्ता, कडेला क्रूस, पुढे एखादं तुळशीवृंदावन, पुन्हा क्रूस. दाजींना हे पसंत पडलं नाही. बेटावर नावेतून उतरावं, तेही रात्री, असं त्यांचं मत. त्याला कारण होतं, आणि ते कारण त्यांनी पावसात छत्री धरून, टेकडीच्या चिखलवाटेवर उभं राहून आम्हाला सविस्तर सांगितलं.

१६८३ साली पोर्तुगीजांचा विजरई कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला. संभाजी महाराज स्वतः चालून आले, तेव्हा वेढा टाकून तो राजधानीकडे परतला. आता आपण सुखरूप, असं त्याला वाटलं असेल. २४ नोव्हेंबरच्या रात्री, ओहोटी साधून, मराठ्यांची चाळीसेक माणसं जुव्यावर उतरली आणि त्यांनी टेकडीवरचा किल्ला घेतला. म्हणजे राजधानीच्या अगदी अंगणात. दुसऱ्या दिवशी विजरई जातीने किल्ला सोडवायला आला आणि मार खाऊन, जखमी होऊन, कसाबसा माघारी गेला. महाराजांनी पाठलागाला घोडा पाण्यात घातला, घोडा प्रवाहाला लागला आणि खंडो बल्लाळांनी उडी घालून त्यांना वाचवलं, असं परंपरा सांगते. तिकडे विजरईने बॉम जेझूच्या चर्चमध्ये सेंट झेवियरची शवपेटी उघडवली, आपला राजदंड संताच्या पायाशी ठेवला आणि राज्य त्याच्यावर सोपवलं. पुढे शाहआलम मोठी फौज घेऊन कोकणात उतरतोय अशी बातमी आली, महाराजांना मोहीम आवरावी लागली, आणि गोवा वाचल्याचं श्रेय संताच्या खात्यावर जमा झालं. मोगल शहाजाद्याच्या नावे कुणी मेणबत्ती लावल्याचं ऐकिवात नाही.

किल्ल्याचं आता फारसं काही उरलेलं नाही. थोडे चिरे, त्यांच्यावर भरपूर हिरवळ, आणि वर हात पसरलेला ख्रिस्ताचा पुतळा. मात्र तिथून खाली बघितलं की भाताची खाचरं, त्यांच्या कडेने मातीचे बांध, बांधापलीकडे खारफुटी आणि त्यापलीकडे पाणीच पाणी दिसतं. दाजी या सगळ्याकडे एकाच नजरेने बघत होते. "घोडा नेमका कुठं घातला असेल?" त्यांनी मला विचारलं. मी उजवीकडे बोट दाखवलं. ताईने डावीकडे दाखवलं. ताईला तेव्हा खाली जाऊन कुठेतरी चहा प्यायचा होता.

खाली रस्त्याला लागल्यावर दाजींनी हाच प्रश्न एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारला. ते डोक्यावर इरलं आणि हातात कोयता घेऊन बांधावरून येत होते. त्यांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. उलट बांधावरच थांबून विचारलं, "तीथ खंयची?"

दाजींना साल, महिना, तारीख, विजरईचं पूर्ण नाव, सगळं ठाऊक होतं. तिथी कुणी विचारेल असं त्यांना वाटलं नव्हतं. गृहस्थ म्हणाले, तिथी कळली तर पाणी किती वाजता उतरलं आणि किती वाजता चढलं ते आत्ता सांगतो. इंग्रजी तारखेवर भरती येत नाही. मग, आपल्याकडून काही मदत होत नाही म्हणून की काय, त्यांनी आम्हाला मानस दाखवायला नेलं.

मानस म्हणजे बांधातली झडप. गोव्याची खाजन शेती तिच्यावर चालते, आणि माझ्या मते इथल्या कुठल्याही किल्ल्यापेक्षा ती जास्त बघण्यासारखी आहे. पण तिच्यावर कादंबरी नाही. ही सगळी जमीन खरं तर खाडीची. भरतीला पाण्याखाली जाणारी. माणसांनी चिखल, बांबू, पेंढा आणि जांभा दगड घालून बांध घातले, खाडीला बाहेर ठेवलं आणि आतल्या चिखलात भात लावला. पण पावसाचं पाणी बाहेर जायला तर हवं. म्हणून बांधात लाकडी दारांची मानस. भरती आली की बाहेरचं पाणीच दार दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून निघून जातं. वीज नाही, माणूस नाही, पगार नाही. नदी स्वतःलाच दिवसातून दोनदा दार लावून घेते. जूनच्या पहिल्या पावसांनी जमिनीतलं मीठ धुऊन निघतं, मग पेरणी. त्यातूनही थोडा खारेपणा राहतोच, म्हणून इथे कोरगूटसारखी जाडीभरडी, मिठाला न घाबरणारी भातं रुजली. साऱ्या गोव्यात मिळून अशी सुमारे १८ हजार हेक्टर खाजनं आहेत, आणि सहाव्या शतकाच्या आसपासच्या भोज राजांच्या ताम्रपटांतही त्यांचा उल्लेख सापडतो. त्यानंतर कदंब आले, बहामनी आले, विजयनगर, आदिलशाही, पोर्तुगीज. प्रत्येकाने इथल्या लोकांकडून सारा घेतला. मानस मात्र कुणी बदलली नाही. १५२६ साली आफोंसो मेशियाने गांवकारीचे, म्हणजे गावाच्या सामाईक कारभाराचे, नियम कागदावर उतरवून घेतले, त्यातही पोर्तुगीजांचं नवं असं थोडंच होतं. बांध कुणी राखायचा, जमीन कशी वाटायची हे गांवकर आधीपासून ठरवत आले होते. हुशार राज्यकर्ता चालू गिरणीत हात घालत नाही.

गृहस्थांनी तक्रारीही सांगितल्या, आणि त्या ताज्या होत्या. बांधाला खेकडे भोकं पाडतात. ती वेळेवर बुजवली नाहीत तर एका उधाणात सगळं शेत खारं. पूर्वी हे काम गांवकारी करायची. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते कुळांच्या संघटनेकडे आलं, आणि कुळांची मुलं आता आखातात, बोटीवर, नाहीतर लंडनला. शिवाय मानशीच्या तोंडाशी जाळं लावलं की सुंगटं, म्हणजे कोळंबी, मिळतात, म्हणून तिथल्या मासळीचा लिलाव होतो. सुंगटांना भातापेक्षा भाव जास्त. मग कुणाकुणाच्या मनात येतं की दार जरा जास्त वेळ उघडं राहिलं तर काय बिघडलं? बिघडतं ते शेजाऱ्याचं भात. दाजी हे ऐकून गंभीर झाले. फितुरीचा विषय निघाला की ते होतातच.

याच पाण्यात मगरीही आहेत, हे गृहस्थांनी निघता निघता सांगितलं. कुंभारजुव्याच्या कालव्यात त्या पूर्वापार आहेत. कालव्याच्या आसपासच्या काही गावांतले शेतकरी पौष अमावास्येला खाजनाच्या चिखलाची मगर करतात, तिच्या पाठीवर शिंपल्यांचे खवले लावतात, काड्यांचे दात बसवतात आणि तिची पूजा करतात. 'मानगें थापणी' म्हणतात त्याला. ताईने लगेच बांधावरून रस्त्यावर येणं पसंत केलं. दाजी मात्र पाण्याकडे नव्याने बघू लागले. घोडा घालण्याच्या प्रसंगाला एक वेगळीच धार आली होती.

जुव्याचं आणखी एक नाव आहे, 'शाकेचो जुवो'. भाज्यांचं बेट. एके काळी इथल्या होड्या भाजी भरून आसपासच्या बाजारांना जात. आता तेवढी भाजी राहिलेली नाही, पण पावसाळ्यात रस्त्याकडेला एखादी बाई ताडपत्रीखाली बसलेली दिसते, आणि तिच्यापुढे भेंडे असतात. आपल्याकडे भेंडी म्हणतात तो प्रकार यांच्यापुढे अगदीच बाळबोध. हे लांबलचक, फिक्या हिरव्या रंगाचे, अंगावर शिरा उठलेले. आपल्या भेंडीला पाच शिरा, यांना सात. सात शिरांचो भेंडो हे त्याचं नावच आहे, आणि जुव्याशी ते कायमचं जोडलं गेलंय.

"हे सात शिरांचेच कशावरून?" दाजींनी विचारलं. साधनांची छाननी केल्याशिवाय ते काही स्वीकारत नाहीत.

"मेजून पळयात, पात्रांव," बाई म्हणाली आणि एक भेंडा त्यांच्या हातात ठेवला.

दाजींनी चष्मा वर केला आणि मोजल्या. सात. दुसरा घेतला. सात. तिसऱ्याला आठ निघाल्या तेव्हा बाईने तो शांतपणे परत घेतला आणि स्वतःच्या टोपलीत टाकला. तेवढ्यात मी भाव विचारून बसलो. इथे भेंडे वजनावर नसतात, नगावर असतात, जुडी बांधून. भाव ऐकून ताईने माझ्याकडे बघितलं आणि मी मानशीकडे बघितलं. दाजींनी मात्र घासाघीस केली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना अशी एक ऐतिहासिक वस्तू मिळाली होती, जी विकत घेता येत होती आणि श्रावणात चालत होती. त्यांनी दोन जुड्या घेतल्या आणि दिवसभर काखेत वागवल्या.

दुपारी दिवाडला जेवायला जायचं होतं. माझ्या जुन्या कचेरीतले एक सहकारी तिथले. दिवाडला अजून रस्त्याचा पूल नाही, फेरीनेच जावं लागतं; दाजींना तेवढं तरी समाधान. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरी सुटते, विजरईंची कमान मागे राहते, आणि पाच-सात मिनिटांत समोरचा किनारा येतो. फेरीवर स्कूटर असतात, गॅसची सिलिंडरं असतात, पाव विकून परत निघालेला पोदेर आणि त्याचा भोंगा लावलेली सायकल असते. पुलाचं काय, असं मी मित्राला विचारलं. तो म्हणाला, रात्री छातीत दुखलं की त्याला पूल हवा असतो, आणि सकाळी उठून अंगणात आला की नको असतो. दिवाडवर बहुतेकांचं असंच आहे, म्हणून पुलाची चर्चा दिवसा आणि रात्री वेगवेगळी चालते.

खरी काळजी मला जेवणाची होती. ख्रिस्ती घर, दिवाड बेट, आणि आमचे दाजी. मी आधीच फोन करून चाचरत सांगितलं होतं की एक जण श्रावण पाळतो. यजमानीण बाई हसून म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे पण उपासाचे दिवस असतात हो. ईस्टरच्या आधी चाळीस. तुमच्या श्रावणापेक्षा दहा जास्तच." आणि खरोखर त्यांनी लेंटचा बेत काढून ठेवला होता. नारळाच्या रसातलं भोपळ्याचं मेरगोल, जे एरवी त्या दिवसांत रांधतात. खोबरं घालून केलेली शेंगांची फुगात. उकड्या तांदळाचा भात, लालसर, एकेक शीत सुटं. आणि चेपणीच्या तोरांची फोड. मीठ प्यायलेल्या त्या कैरीने भाताची गंमत अशी वाढवली की मी ताटात मासळी नसल्याचं विसरलो. म्हणजे जवळजवळ विसरलो. दुसऱ्या टोकाला यजमान स्वतः बांगड्याचं तिरफळ घातलेलं हुमण जेवत होते आणि संभाषण चालू ठेवण्यासाठी मधूनमधून त्याची तारीफ करत होते. ताई त्यांच्या बाजूला बसली होती. ती श्रावण पाळत नाही.

शेवटी पातोळ्या आल्या. हळदीच्या पानात वाफवलेल्या, आत गूळ-खोबरं. दाजी चमकले. "ह्या तर आमच्या नागपंचमीच्या!" बाई म्हणाल्या, "आमच्या पंधरा ऑगस्टच्या." स्वातंत्र्यदिनाच्या नव्हे, त्या दिवशी मारियेच्या स्वर्गारोहणाचं फेस्त असतं, आणि गोव्यातली ख्रिस्ती घरं पातोळ्या करतात. याच सुमाराला ठिकठिकाणच्या चर्चमधून कणसाचं फेस्त होतं, भाताच्या पहिल्या लोंब्या पाद्रींकडून मंत्रवून घेतात. हिंदू घरात चवथीच्या आसपास नव्याची पूजा होते ती त्याच लोंब्यांची. धर्मांतराला साडेचारशे वर्षं झाली. हळदीच्या झाडाला ते कुणी कळवलेलं नाही.

जेवणावर सुपारी चघळत यजमानांनी बोंदेराची हकिकत सांगितली. दिवाडवर दोन वाड्यांच्या शेतांच्या हद्दीवरून फार भांडणं. पोर्तुगीजांनी हद्दीवर झेंडे रोवले. लोकांनी दगड मारून ते पाडले. पुढे भांडणं निवली आणि झेंडे पाडण्याचाच सण झाला. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी झेंड्यांची मिरवणूक निघते, चित्ररथ येतात, पोरं बांबूच्या नळीतून हिरवी फळं उडवून एकमेकांना मारतात. त्या नळीला फोताश म्हणतात. आमच्याकडे बांधावरून सुरू झालेलं भांडण सात-बाऱ्यावर चढून कोर्टात जातं आणि तिसऱ्या पिढीत निकाल लागतो. बँड लावून ते वर्षातून एकदा भांडण्याची कल्पना मी आमच्या चुलत्यांना सुचवणार आहे.

दाजींचा जीव अजून एका जागी अडकला होता. दिवाड ही सप्तकोटीश्वराची मूळ जागा. गोव्याचे कदंब स्वतःला 'श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' म्हणवत, नाण्यावरही तेच कोरत. चौदाव्या शतकात देऊळ पडलं, विजयनगरच्या माधवमंत्र्याने पुन्हा उभं केलं, पोर्तुगीजांनी पुन्हा पाडलं. लिंग विहिरीवर पाणी शेंदायच्या कामाला लावलं होतं असं सांगतात. तिथून ते लोकांनी नदीपार नेलं. पिएदादच्या टेकडीवर चर्चशेजारी दफनभूमीतलं छोटं चॅपेल आहे, त्यात एका जुन्या देवळाचं काम अजून दिसतं. आम्ही ते बघितलं, आणि मग बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या फेरीने पलीकडे नार्व्याला गेलो. तिथे डोंगराच्या कुशीत, माडा-पोफळींत, सप्तकोटीश्वराचं आताचं देऊळ आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ते बांधायची आज्ञा केल्याचा शिलालेख दारावर आहे. दाजींनी तो दोनदा वाचला. मग काही न बोलता दीपस्तंभाशी जाऊन उभे राहिले, काखेत भेंड्यांच्या जुड्या धरून. गुरवांना वाटलं नैवेद्य आणलाय. त्यांनी हात पुढे केला, आणि दाजी एक पाऊल मागे सरले. एवढ्या भक्तिभावाच्या क्षणीही माणसाला आपलं-परकं कळतं.

परतताना पुन्हा दिवाडवरून जुन्या गोव्याची फेरी. संध्याकाळची, भरलेली. विजरईंची कमान दिसू लागली तसे दाजी मोकळे झाले. शेजारच्या स्कूटरवाल्याला त्यांनी कोंद द आल्व्होरपासून सुरुवात करून दिली. रात्र, ओहोटी, चाळीस माणसं. स्कूटरवाला ऐकत होता. मागची दोघं-तिघंही कान देऊ लागली. किल्ला पडला, विजरई जखमी झाला, घोडा पाण्यात शिरला.

"भेंडे कितल्याक घेतले?" मासळीची रिकामी पाटी घेऊन उभ्या असलेल्या बाईने विचारलं.

दाजींनी घोडा तसाच पाण्यात ठेवून भाव सांगितला. फेरीवर क्षणभर शांतता पसरली, आणि मग सगळेच एकदम बोलू लागले. स्कूटरवाल्याच्या मते जुव्यावर हा भाव नसतोच, तो चवथीच्या आठवड्यातला. पोदेराचं म्हणणं, सात शिरांचे असतील तर ठीक आहे. एकाने जुडी हातात घेऊन मोजायला सुरुवात केली. पाटीवाली म्हणाली, भाव जाऊ दे, पण यात सुकी सुंगटं आणि आंबटाला कैरी घालून कोडी करा, नाहीतर पैसे फुकट. श्रावण आहे, दाजी म्हणाले. मग श्रावण संपेपर्यंत भेंडे जून होतील, ती म्हणाली. त्यावर पुन्हा दोन पक्ष पडले, फेरी धक्क्याला लागली तरी खाली कुणी उतरेना, आणि फेरीवाल्याने वरून ओरडून विचारलं की सगळी परत दिवाडला यायची आहेत का.